मुकं बटण

"धुवायचं नुसतं नाटक करायचं, कळलं? पाणी कमी, डोकं जास्त!" बुटकीने बजावलं. "संध्याकाळी गाडी न्यायला येतील. तोवर हिचं दुखणं सापडलंच पाहिजे!"

बुटकी वर्गात सगळ्यांत उंच होती, म्हणूनच तिचं नाव बुटकी पडलं होतं. बादली धरून उभा होता तो तिचा धाकटा भाऊ. प्रत्येक गोष्टीत शंका काढतो, म्हणून शंकासुर. आणि काहीही न करता दमून पायरीवर बसलेला तो शेजारचा ढोल.

"पण गाडी आपली आहे ना? मग न्यायला कशाला येतील?" शंकासुराने विचारलं.

"काकांनी गिऱ्हाईक ठरवलंय."

जिन्याखालच्या अंधाऱ्या बोळात बाबांची जुनी मोटारसायकल उभी होती. सुट्टी लागली होती, पण त्या घरात सुट्टीसारखं काही वाटतच नव्हतं. बाबा मोठी भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करत. शाळा, कचेऱ्या, स्टेशनं, सगळीकडे याच गाडीवरून जात. हिवाळ्यात अपघात झाला आणि त्यांच्या गुडघ्यात सळई बसवावी लागली. डॉक्टरांनी किक मारायला कायमची बंदी केली. "बटण आहे की!" असं म्हणून बाबा तेव्हा हसले होते.

पण बटणानेच दगा दिला. बाबा बोळात गाडीवर बसत, बटण दाबत, आणि गाडी ढिम्म! गॅरेजवाल्या उस्तादांनी आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टरची मोटर बदलली. गॅरेजात गाडी एका दमात सुरू व्हायची. घरी आली की पुन्हा तेच रडगाणं. शेवटी उस्ताद वैतागून म्हणाले, "गाडीत काही नाही हो! चालवणाऱ्याच्या हातात दम पाहिजे!" काकांनी गाडी रस्त्यावर काढून पाहिली, तर ती लगेच सुरू झाली. "दादा, तू आता म्हातारा झालास!" असं म्हणून तेही हसले.

थट्टाच होती ती, पण बाबांना फार लागली. तेव्हापासून ते खिडकीशी बसून उजवा अंगठा चोळत राहायचे. घड्याळांना हात लावत नव्हते. बरणीचं झाकण उघडायलासुद्धा आईला हाक मारायचे. गाडी गेली तर बाबा त्या खुर्चीतून कधीच उठणार नाहीत, असं बुटकीला वाटे.

तिने किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला, म्हणजे गाडी गिअरमध्ये नव्हती. हॉर्न दाबला, तो केकाटला. बटण दाबलं. काहीच नाही!

"दिवा लागतो, हॉर्न वाजतो. म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे," ती म्हणाली.

"या बोळातच भूत आहे," ढोल म्हणाला. "मी घरी जाऊ?"

"बस गप! बाबा काय सांगतात? घड्याळ दुकानात चालतं आणि घरी थांबतं, तर ते उघडत बसू नये. घरी ते कसं टांगलंय, ते आधी बघावं."

तिघांनी ढकलत ढकलत गाडी रस्त्यावर आणली. बटण दाबताच इंजिन धडधडलं! बुटकीने ते लगेच बंद केलं.

"बोळात आणि रस्त्यात फरक काय?"

"अंधार," शंकासुर म्हणाला.

"आणि ओल," त्यानेच पुढे जोडलं.

"भूत," ढोलने आपला हेका सोडला नाही.

गाडी पुन्हा बोळात लावली. जिन्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट राहावी म्हणून बुटकीने सवयीने हँडल पार डावीकडे वळवलं.

"पण बाबा हँडल सरळ करून का नाही सुरू करत?" शंकासुराची शंका आलीच.

"सरळ केलं तर जिन्याच्या कठड्याला अडकतं. आधी गाडी मागे ढकलावी लागते, आणि बाबांच्या गुडघ्याला ते..."

बुटकी बोलता बोलता थांबली. तिने ढोलला गाडी मागे ओढायला लावली, हँडल सरळ केलं आणि बटण दाबलं. धडधड! इंजिन बंद करून हँडल डावीकडे वळवलं, पुन्हा दाबलं. गाडी मुकी!

"सापडलं!" तिघेही ओरडले.

बुटकीने दिव्यामागे बोटं घातली. अपघातानंतर उस्तादांनी नवा दिवा बसवला होता आणि सगळ्या वायरी प्लॅस्टिकच्या पट्टीने सांगाड्याला करकचून बांधल्या होत्या. हँडल वळलं की त्यातली एक वायर ताणली जाई. वरचं रबर धड होतं, पण एका जागी वायर चिंधीसारखी लुळी पडत होती. आतली तार तुटली होती.

तेवढ्यात गाडी न्यायला काका आणि उस्ताद आलेच.

"उस्ताद, नेण्याआधी एकदा इथेच सुरू करून दाखवा ना! बाबा बसतात तशी, हँडल न हलवता!" बुटकी साळसूदपणे म्हणाली.

"त्यात काय!" उस्ताद ऐटीत बसले. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. कपाळावर घाम आला, पण गाडीला पाझर फुटेना. मग काका बसले. त्यांचीही तीच गत!

"पण उस्ताद," शंकासुराने विचारलं, "तुमच्या हातातही दम नाही का?"

ढोल पोट धरून हसला. बुटकीला हसू आलं नाही. तिने वायर दाखवली. उस्तादांनी जीभ चावली. "गॅरेजात गाडी नेहमी सरळ उभी असते... हँडल वळवून बघायचं सुचलंच नाही मला!" त्यांनी मुकाट्याने पट्टी कापली, वायरीचा नवा तुकडा जोडला.

बुटकी धावत वर गेली.

"बाबा, खाली चला."

"नेऊ दे गं त्यांना."

तिने त्यांचा अंगठा दोन्ही हातांत धरला. बोलायचं बरंच ठरवलं होतं, पण रडूच फुटलं. "बाबा, याचा काही दोष नव्हता. वायर तुटली होती. उस्तादांकडून, काकांकडून, कुणाकडूनच सुरू झाली नाही!"

बाबा खुर्चीतून उठले. मग कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत खाली आले. बोळात गाडीवर बसले. हँडल डावीकडेच होतं. अंगठा बटणावर टेकवला आणि बटण दाबलं.

धडधड! सगळा बोळ दणाणला.

काकांनी मान खाली घातली. "दादा, चुकलो मी. तसं बोलायला नको होतं."

"पोरांनो, तुमचं डोकं माझ्या पान्यांपेक्षा भारी निघालं!" उस्तादांनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

"भूत मीच आधी ओळखलं होतं," ढोल म्हणाला.

बाबांनी डोळे पुसले. "बुटके, माझी हत्यारांची पिशवी आण. तुमच्या शाळेचं घड्याळ हिवाळ्यापासून बंद आहे."

"अरे, पण ते गिऱ्हाईक गॅरेजात येऊन बसेल! त्याला काय सांगू?" काकांनी विचारलं.

"सांग," बाबा म्हणाले, "गाडीचा मालक कामावर गेलाय."