बाजूचं झाकण

साखर कारखान्याच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन तोंडावर आलं होतं. मुहूर्त ठरला, पत्रिका वाटून झाल्या, म्हणजे मळीची जुनी टाकी त्याआधी दुरुस्त व्हायलाच हवी. तिचं ड्रॉइंग घनसावंगीत बसून अर्पिता करत होती आणि प्रत्यक्ष काम तिचा धाकटा भाऊ अंगद करणार होता. तो कारखान्यात वेल्डर. त्याला सोपं जावं म्हणून तिने सगळ्या सूचना मराठीत लिहिल्या होत्या.

ड्रॉइंग तपासणारे पुण्यात. त्यांचं सॉफ्टवेअर वेगळं. तिथे मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. तपासणारी कनिका वैतागली. घाई तर सगळ्यांनाच होती. अर्पिताने मराठी मजकुराचा थर, म्हणजे ड्रॉइंगमधला तो लेअरच बंद केला, पीडीएफ करून पाठवली आणि मोकळी झाली. संध्याकाळी मंजुरी आली. तीच प्रत कारखान्यात गेली.

टाकीला नवा पत्रा बसला, त्यानंतर एका दुपारी अंगदचा फोन आला. आवाज घुमत होता, पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा.

“ताई, बाजूचं झाकण कुठं दाखवलंस तू?”

शिडीच्या उजवीकडे, नीट बघ, ती म्हणाली.

“न्हाई इथं... कवाचा हात फिरवून राह्यलो.”

तिने पाठवलेली पीडीएफ उघडली. शिडीच्या उजवीकडे कोरी भिंत. आतल्या माणसाला बाहेर पडायचं ते झाकण तिने मराठीच्याच थरावर काढलं होतं आणि थराबरोबर तेही गेलं होतं. वरच्या झाकणातून बाहेर ये, जल्दी ये, असं ती ओरडत राहिली.

“वरचं लई लांब हाय, ताई...”

फोन बंद झाला. तिने फोरमन भागवतला लावला.

“तुमच्याकडंच येऊन राह्यलो, ताई. अंगद सकाळीच गेला. आत वायू साचल्ता. बाजूनं निघायला वाट न्हवती.”

आणि त्याचा फोन?

“माझ्या खिशात हाय. सकाळपासून बंद.”

अग्निप्रदीपन ठरल्या मुहूर्तावर झालं. अर्पिताला कोणी बोल लावला नाही, पण तिने स्वतःला लावला. निदान दुसऱ्या कुणाचा भाऊ जाऊ नये म्हणून तिने बंद केलेला थर उघडून दुरुस्त ड्रॉइंग पुण्याला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी कनिकाचा फोन आला. झाकण आता दिसतंय, सगळं बरोबर आहे, म्हणाली. मग जरा घुटमळली.

“मापाचा अंदाज यावा म्हणून टाकीत माणूस काढलाय, तो उभा दाखवतात ना? तुमचा आडवा का आहे?”

अर्पिताच्या पडद्यावर टाकी रिकामी होती. मी माणूस काढलाच नाही, ती कशीबशी म्हणाली.

“काल तो शिडीपाशी होता...” कनिकाचा आवाज अगदी खाली आला. “आज त्याचा हात झाकणाला लागलाय. आणि मॅडम... झाकणाचे बोल्ट तुम्ही फक्त बाहेरून उघडणारे दाखवलेत.”