भिंतीपाशी चढणारा आकडा

"उद्या आईबाप पोरं काढून नेतील, ताई. न्या म्हणावं! मी या खोलीतून हलत नाही."

सदर बाजारामागच्या गल्लीत पाळणाघर चालवणाऱ्या सत्यभामाबाई पदर खोचूनच बोलत होत्या. समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर. त्याच्या लहरी खोलीत मर्यादेबाहेर येतात, असं घरमालक श्यामरावांनी मोजणी करवून पालकांना सांगितलं होतं.

"सोपं आहे, टॉवरच हटवा," दिवाकर म्हणाला. खासगी तपासनीस विनोदिनीबाईंचा हा मदतनीस निकाल आधी देई, विचार नंतर करी.

"श्यामराव कसे आहेत?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"पेलाभर पाणी नाही पाजलं आजवर. सिलिंडर संपला तं परवा माझाच मागून राहिले होते. मी नाही दिला."

श्यामरावांची मोजणी करणारा लोकेश पुन्हा मीटर घेऊन आला. पलीकडच्या श्यामरावांच्या घराला लागून असलेल्या प्लायवूडच्या भिंतीपाशी त्यानं तो धरला. आकडा सरसर चढला.

"आणि खिडकीपाशी?"

"वहाँ कम है, दीदी."

खिडकीतून टॉवर समोर दिसत होता.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, आकडा खाली बसला. अंगणात गेलेला दिवाकर मात्र फोनवर बायकोची बोलणी खातच होता.

श्यामराव चक्क ट्रे घेऊन आले. "चहा घ्या, बाई."

दिवाकरनं आत येऊन घोट घेतला. "काहून हो, कोमट?"

"घाईत आणला."

लाइट आली. विनोदिनीबाईंनी कप खाली ठेवला.

"श्यामरावजी, टॉवर बॅटरीवर चालूच होता, म्हणून तं फोन तुटून दिवाकरची सुटका झाली नाही. मग आकडा काहून पडला? लहरी टॉवरच्या नव्हत्या, घरच्या विजेवर चालणाऱ्या वस्तूच्या होत्या. तुमच्याकडे गॅस नाही, तरी चहा तापत होता. लाइट गेली अन् तो अर्धवट राहिला. चला, पलीकडे पाहू."

पलीकडे जुना मायक्रोवेव्ह होता. दार वाकलेलं, तोंड भिंतीकडे.

"मोजणीच्या वेळी हा चालवायचा, नाव टॉवरचं. काहून?"

श्यामराव घुटमळले. "एका सराफाले दुकानासाठी अख्खा मजला रिकामा पाहिजे होता..."

लोकेशनं प्लग काढून पुन्हा मोजलं. आकडा मर्यादेच्या बराच खाली होता.

"खोली माझी आहे!" श्यामराव उसळले.

"खोली तुमची, पोरं माझी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "उद्या आईबापांसमोर याच भिंतीपाशी मोजणी होईल. तुम्हीही या. चहा मी पाजते. माझ्या सिलिंडरवरचा, कडक!"