पाठीवरचं लोखंड

थांबण्याआधी सुई दोन्ही बाजूंना सारखीच डोलायची. पहिला झोका मोठा, दुसरा त्याच्या निम्मा, तिसरा डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतका. आणि मग ती निमूट उत्तरेकडे तोंड करून बसायची. आज मात्र ती एका बाजूला अंमळ जास्त रेंगाळत होती. हेइनाईने काठीच्या टोकावरच्या होकायंत्रावर वाकून काचेवरचे दव बाहीने पुसले, पुन्हा पाहिले, आणि थंडीमुळे असेल अशी स्वतःची समजूत घातली.

"पश्चिम, किंचित उत्तरेला कलून," तो धुक्यात मागे वळून म्हणाला.

"चला मग," मागून जिन्एमोन गुरुजींचा आवाज आला. "माझा गुडघा उत्तरेला कलायला तयार नाही, पण त्याला विचारतंय कोण!"

तिघेही एका दोरीला बांधलेले होते. पुढे हेइनाई, मधे गुरुजी, शेवटी इथल्या मूळच्या ऐनू जमातीचा वाटाड्या शिमेकान. दोन वर्षांपूर्वी रशियन जहाजांनी उत्तरेकडच्या बेटांवरची ठाणी जाळली, तेव्हा जपानच्या एदो इथल्या दरबाराची झोप उडाली होती. परक्यांना या एझो बेटाचा किनारा ठाऊक आणि आपल्याकडे त्याचा धड नकाशाही नाही! म्हणून हे छोटे पथक उन्हाळाभर किनारा मोजत इथवर सरकत आले होते. हे शेवटचे भूशिर तेवढे उरले होते. त्यापलीकडच्या आखातात मासेमारीचे ठाणे होते आणि तिथे दक्षिणेकडे जाणारे वर्षातले शेवटचे जहाज नांगरून उभे होते. डेकवर बर्फ टिकू लागले की निघालो, असे त्याच्या तांडेलाने आधीच बजावले होते.

आदल्या दिवशी लाटांनी त्यांची होडी खडकावर आपटून फोडली. धान्याची पोती गेली, भांडी गेली, मोठी यंत्रे गेली. वाचले ते एवढेच: काठीवरचे होकायंत्र, मोजणीची बांबूची काठी, हेइनाईच्या पाठीवरचे गाठोडे, थोडा सुका रावस, आणि तेलकागदात गुंडाळलेली किनाऱ्याची चित्रे. ती गुरुजींनी छातीशी बांधली होती. भूशिराची मान ओलांडली की पलीकडे ठाणे. मानेच्या उत्तर अंगाला झाडीची डोंगरसोंड होती, दक्षिणेला उथळ खारे तळे. सोंडेच्या पायथ्याने सरळ पश्चिमेला जायचे, बस. पण सकाळी धुके उतरले आणि सुईखेरीज कुणाचाच भरवसा उरला नाही.

गुरुजी जन्माने वाणी. चोशीच्या बंदरात दिव्याच्या तेलाचे दुकान त्यांनी तीस वर्षे चालवले आणि म्हातारपणी, लोक तीर्थाला जातात त्या वयात, ते आकाश शिकायला निघाले. हेइनाई मात्र गरीब का होईना, सामुराईच्या घरातला तिसरा मुलगा. म्हणून शिष्य असूनही गुरुजी त्याला नेहमी 'तुम्ही' म्हणत. वसंतात निघताना त्यांनी त्याला विचारले होते: माझ्या लेकीशी, ओरिकूशी, लग्न करा, आमचे आडनाव घ्या, दुकान आणि नकाशा दोन्ही पुढे चालवा. ओरिकूला त्याने ओळखले ते तिच्या आकड्यांवरून. वडिलांचे गणित ती रात्री तपासून ठेवी, आणि तिच्या खुणेपाशी चूक असणारच हे त्याला पाठ झाले होते. मनात त्याचे उत्तर तेव्हाच ठरले होते. पण वाण्याच्या घरात जायचे म्हणजे तलवार ठेवून जायचे. वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, सगळे उंबऱ्याबाहेर. "विचार करतो," असे तो म्हणाला, आणि मग वसंत गेला, उन्हाळा गेला, रानहंस दक्षिणेला गेले, तरी विचार चालूच होता.

"तलवारवाले," शिमेकानने हाक मारली, "पायाखाली सोंडेचा मुरूम लागायला हवा होता. मला तर लव्हाळी लागतायत."

"तू इकडे आला आहेस का कधी?"

"नाही. माझं गाव त्या तिकडच्या आखातात. पण लव्हाळी मला सगळ्या गावांतली ओळखता येतात."

हेइनाई पुन्हा सुईवर वाकला. "पश्चिमच दाखवते आहे."

"दाखवणारच. ती कुठे चालतेय?"

पुढे जमीन सपाट झाली. चालणे सोपे झाले, इतके सोपे की गुरुजींचा गुडघाही कुरकुरेना. हेइनाईला बरे वाटले. मग त्याच्या लक्षात आले की पावलांचा आवाज बदलला आहे.

कर्र!

मागून दोरीला असा हिसका बसला की तो पाठीवर आडवा झाला. धुक्यात गुरुजी ओरडले. शिमेकान जिथे होता तिथे काळे पाणी होते आणि पाण्यावर फक्त त्याचे डोके. आपण तळ्यावर होतो! कोवळ्या बर्फावर!

"आडवे व्हा! झोपा!" हेइनाई ओरडला. तो पोटावर सरकत पुढे गेला. बांबू पुढे ढकलला. शिमेकानने तो काखेत धरला. बर्फाची कड मोडली. पुन्हा धरला. पुन्हा मोडली. तिसऱ्यांदा कड टिकली. दोघांनी ओढले, आणि पकडलेल्या सीलसारखा तो बर्फावर घसरत आला.

"मासा," शिमेकान दात वाजवत म्हणाला, "मोठा होता... की लहान?"

"बोलू नकोस," गुरुजी म्हणाले. त्यांनी स्वतःचा कापसाचा अंगरखा काढून त्याच्याभोवती गुंडाळला. मग हेइनाईकडे पाहिले. "याला आग हवी, आत्ता. लाकूड सोंडेवर आहे. सोंड कुठे आहे?"

हेइनाईने काठी टेकली. सुईनुसार ते सोंडेच्या पायथ्याशीच असायला हवे होते. मग ही सुई आता सांगेल त्या दिशेने या माणसाला न्यायचे? चुकले तर पुढचे पाऊल खोल पाण्यात, आणि शिमेकानला दुसऱ्यांदा बाहेर काढता येणार नव्हते.

"मागचं वाचन घे," गुरुजी म्हणाले.

पहिल्यांदाच ते त्याला 'घे' म्हणाले होते. दोघांच्याही ते ध्यानात आले नाही.

पहिल्या धड्यातली गोष्ट होती ती. इथून तिथे पाहायचे, मग तिथून इथे. दोन्ही दिशा बरोबर उलट यायला हव्यात. नाही आल्या तर मधे काहीतरी खोटे आहे. उन्हाळाभर त्यांनी हे दर टप्प्याला केले होते. आज घाईत, गुडघ्यापायी, बर्फाच्या भीतीने एकदाही केले नव्हते. हेइनाईने दोरीच्या टोकाशी उभ्या गुरुजींवर रोख धरून वाचन घेतले. मग त्यांच्या जागी जाऊन, तोंड फिरवून, आपण उभा होतो तिथल्या बांबूवर रोख धरला.

जुळेना. थोडेथोडके नव्हे, लांब केलेल्या हाताच्या पंजाइतके अंतर पडत होते.

"वाळूत लोखंड असेल इथल्या," गुरुजी म्हणाले.

"वाळूत असतं तर मी वळलो म्हणून बदललं नसतं," हेइनाई सावकाश म्हणाला. "हे माझ्याबरोबर वळतंय."

आणि मग त्याला पाठीवरचे गाठोडे आठवले.

मोजणीचा नियम कडक होता: सुईजवळ लोखंड नको. म्हणून त्याच्या कमरेला बांबूच्या पात्याची तलवार होती. चकमकीचा लोखंडी तुकडासुद्धा दोरीभर दूर, गुरुजींकडे असे. पण निघताना आईने वडिलांची आखूड तलवार त्याच्या हातात ठेवली होती. ती तेलफडक्यात गुंडाळून, गाठोड्यात तिरपी बांधून तो कुणाला न सांगता उन्हाळाभर वागवत होता. वाचन घेताना गाठोडे होडीत असे, नाहीतर दूर जमिनीवर. आज ओल्या दलदलीत ते पाठीवरून उतरलेच नव्हते. सुईवर वाकला की ते पाते तिच्यापासून वीतभरावर येत होते.

त्याने गाठोडे सोडले आणि बर्फावरून दूर सरकवून दिले. काचेखाली सुई दचकली. मोठा झोका, निम्मा, मग जेमतेम. दोन्ही बाजूंना सारखा. ती थांबली तेव्हा पश्चिम भलतीकडेच होती.

"माझ्या वडिलांची तलवार आहे त्यात," तो म्हणाला.

शिमेकानचे ओठ निळे पडले होते, तरी तो बोलला. "पहिल्या दिवशी माझा चाकू ठेवून घेतलात. म्यान बापानं कोरलेलं. मी काही बोललो का?"

"नाही," हेइनाई म्हणाला. त्याला मान वर करवेना.

"आता बोलतोय."

"नंतर बोल, पोटभर बोल," गुरुजी म्हणाले. "उत्तर कुठे?"

हेइनाईने हात केला. गाठोडे उचलून गुरुजींनी दोरीच्या शेपटाला बांधले, आणि ते बर्फावरून मागे घसरत येऊ लागले. शिमेकानला मधे घेऊन तिघे निघाले. प्रत्येक टप्प्याला पुढचे वाचन, मागचे वाचन. जुळले की पुढे. बर्फ कुरकुरला, पण मोडला नाही. मग लव्हाळी. मग चिखल. मग पायाखाली मुरूम, आणि धुक्यातून हात लावल्यासारखे पहिले झाड!

पण झाडे ओली होती. फांद्या हाताने मोडत होत्या तेवढ्या मोडल्या. आतले कोरडे लाकूड काढायला पाते हवे. पात्याचे नावच नाही, नियमामुळे. शिमेकानचे दात वाजायचे थांबले होते. ते चांगले लक्षण नव्हते.

हेइनाईने गाठोडे उघडले. तीन पिढ्यांत हे पाते फक्त पुसायला बाहेर निघाले होते. त्याने ते पडलेल्या भूर्जाच्या खोडावर घातले. साल निघाली, तिच्याखाली कोरडे पांढरे लाकूड. तो तासत राहिला, फोडत राहिला. एका गाठीशी पात्याचा टवका उडाला. तो थांबला नाही. गुरुजींनी चकमक झाडली, साल पेटली, आणि बऱ्याच वेळाने शिमेकान पुन्हा थरथरू लागला.

"हं," गुरुजींनी श्वास सोडला. "थरथरतोय. आला परत."

"ही तुमची घराण्याची तलवार," शिमेकान आगीकडे पाहत पुटपुटला, "कुऱ्हाड म्हणून... वाईट."

"हो," हेइनाई म्हणाला. "कुऱ्हाड म्हणून ती पहिल्यांदाच आली आहे." आणि त्याला हसू आवरेना. मग गुरुजींनाही.

दुपार कलताना धुके फाटले आणि सोंडेच्या टोकावरून ठाण्याचा धूर दिसला. खाली आखातात शिडे गुंडाळलेले जहाज होते. धुक्याने त्यालाही अडकवून ठेवले होते! गुरुजी तिथेच खडकावर बसले आणि गुडघ्यावर थाप मारून त्यालाच म्हणाले, "घे, मिळालं तुला जहाज. आता कुरकुरलास तर इथेच ठेवून जाईन."

ठाण्याच्या स्वयंपाकघरात माशांचा गरम रस्सा होता. शिमेकानने तीन वाडगे संपवले आणि चौथ्या वाडग्याबरोबर आपल्या चाकूची गोष्ट आचाऱ्याला पहिल्यापासून सांगायला घेतली. गुरुजींनी तेलकागद उघडला. चित्रे कोरडी होती. त्यांनी आजचा टप्पा शोधला, आणि तळ्याचा काठ जिथे यायचा ती जागा बोटाने दाखवली.

"इथे काय काढायचं?"

"काही नाही," हेइनाई म्हणाला. "कोरं ठेवू. खोटं काढण्यापेक्षा कोरं बरं."

"तसंच," गुरुजी म्हणाले, आणि कागदावरून हात काढून घेतला.

चुलीशी आचाऱ्याला ढलप्या हव्या होत्या. कोपऱ्यात टेकवलेले टवका उडालेले पाते त्याला दिसले. ते कुणाचे हे न विचारताच त्याने उचलले आणि लाकूड फोडू लागला. शिमेकान गोष्ट सांगता सांगता थांबला. गुरुजींनी हेइनाईकडे पाहिले.

हेइनाई ढलप्या पडताना पाहत राहिला. पुरेशा झाल्यावर त्याने वाडगा खाली ठेवला, गुडघे जुळवून नीट बसला आणि गुरुजींना म्हणाला, "बाबा, वसंतात दुकानाच्या पाटीवर तुमच्या आडनावाखाली माझं नाव लिहून घ्या."