शब्द सांगेल त्याच्याबरोबरच

लॉर्नाने गाडी लावली तेव्हा आर्विड मांस भाजण्यासाठी निखारे पाडत बसला होता. दुपारचा एक वाजला होता आणि रेडवूडच्या गगनचुंबी झाडांच्या राईत दुपारी एकला असतो तेवढाच उजेड होता, म्हणजे दिवा लावावा की लावू नये असा प्रश्न पडण्याइतका.

"आलीस? मला वाटलं, यंदा दांडी मारतेस," आर्विड म्हणाला. "बीन्स आणल्यास ना? का नुसतं तोंड घेऊन आलीस?"

"तोंड तुझंच आहे की इथं, सगळ्या तळाला पुरून उरेल," असं म्हणून लॉर्नाने बीन्सचं पातेलं त्याच्या हातात दिलं.

आर्विड चौऱ्याहत्तर वर्षांचा. उभी हयात त्याने गिरणीसाठी झाडं पाडण्यात घालवली होती, आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच कामात गेली होती. लाकडाची ती गिरणी बंद पडून बावीस वर्षं झाली, तरी तिथली कुटुंबं दर ऑगस्टात तीन दिवस या पार्कातल्या मोठ्या तळावर तंबू ठोकायची. एके काळी साठ-सत्तर माणसं व्हायची. यंदा अकराच होती, आणि तीही शेवटच्या खेपेला आलेली. माणसांच्या पायांखाली जुन्या झाडांची मुळं दबतात, म्हणून सप्टेंबरपासून हा तळ कायमचा बंद होणार होता.

"जन्मभर आपण झाडं हाकलली, आता झाडांनी आपल्याला हाकललं. फिट्टंफाट!" आर्विड म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

लॉर्नाला हसू आलं नाही. या तळावर तिचं एक काम राहिलं होतं, आणि नऊ वर्षं ती ते टाळत आली होती.

नऊ वर्षांपूर्वी तिची नात टिली इथूनच नाहीशी झाली. सात वर्षांची पोर, हातात बाटली घेऊन नळावर पाणी भरायला गेली. चुलीपासून नळ फार तर शंभर पावलांवर. बाटली नळाखाली सापडली, काठोकाठ भरलेली. पुढचे अकरा दिवस दोनशे माणसं, कुत्री आणि एक हेलिकॉप्टर तिला शोधत होती, पण केसांची एक पिनसुद्धा मिळाली नाही. बाराव्या दिवशी शेरीफच्या माणसांनी आपले तंबू गुंडाळले आणि जाताना प्रत्येकाने लॉर्नाचा हात दाबला.

इथवरची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. पुढची एकट्या लॉर्नाला.

त्या भागातल्या शाळांत मुलांना एक धडा पहिल्यापासून गिरवून घेतात: जंगलात हरवलात तर भटकायचं नाही, जवळचं झाड धरायचं, त्याला मिठी मारायची आणि कोणी येईपर्यंत सोडायचं नाही. धडा चांगला आहे, त्याने पुष्कळ पोरं वाचली आहेत. पण लॉर्नाने त्याला आपली शेपटी जोडली. ती तेव्हा शाळेची बस चालवायची. टिलीचे आईबाप नुकतेच वेगळे झाले होते, आणि बापाने दोनदा शाळेच्या फाटकावरून पोरीला परस्पर न्यायचा प्रयत्न केला होता. म्हणून एका संध्याकाळी बस रिकामी झाल्यावर लॉर्नाने तिला पुढच्या सीटवर बसवलं.

"ऐक. कोणीही तुला नावाने हाक मारो, गोड बोलो, पोलिसाचे कपडे घालून येवो, ओ द्यायची नाही. गप्प राहायचं. शब्द सांगेल त्याच्याबरोबरच जायचं."

"कुठला शब्द?"

"तूच ठरव. कुणाच्या बापाला सुचणार नाही असा."

टिलीने पुष्कळ विचार केला. "बीटाचं लोणचं," ती म्हणाली. जगात तिला त्याच्याइतकं कशाचंच वावडं नव्हतं. "आणि आजी, तू आलीस तर?"

"मी आले तरी. माझ्याकडूनही शब्द घ्यायचा."

पोर भलतीच आज्ञाधारक होती. बस थांबून मी सांगेपर्यंत उठायचं नाही, असं एकदा लॉर्नाने बजावलं होतं, आणि सांगायला विसरली, तर सगळी मुलं उतरून गेल्यावरही ही टिलीबाई हाताची घडी घालून जागेवर बसून होती.

त्या अकरा दिवसांत लॉर्ना घसा फुटेस्तोवर ओरडली. सगळे ओरडत होते तेच: टिली, टिली! शब्द तिला आठवलाच नाही. भीतीने माणसाचं डोकं कसं रिकामं होतं, हे ज्याच्यावर गुदरलं त्यालाच कळतं. बाराव्या दिवशी घरी येऊन तिने दूध काढायला फ्रिज उघडला, समोर बीटाच्या लोणच्याची बरणी दिसली, आणि ती तिथेच जमिनीवर बसली.

त्याच पावली ती परत का गेली नाही? मनाशी म्हणाली, बारा दिवस कुठलं लेकरू जगतं? पण खरं कारण ते नव्हतं. शब्द हाकारला आणि ओ आली तर? तर त्याचा अर्थ असा की ती सगळं ऐकत होती. दोनशे माणसं तिच्या जवळून गेली आणि ती झाडाला बिलगून, ओठ घट्ट मिटून उभी राहिली, आजीने सांगितलं होतं म्हणून. हे कळण्यापेक्षा न कळलेलं बरं, असं लॉर्नाला वाटलं. तिने कोणाला सांगितलं नाही, पोटच्या मुलीलाही नाही. लाज माणसाला बारा दिवसांत गप्प करते, आणि मग नऊ वर्षं तशीच निघून जातात.

मुलगी डेनीस, टिलीची आई, दरवर्षी यायची. जंगलाकडे पाठ करून टेबलाशी बसायची आणि कांदे चिरायची. मायलेकींचं बोलणं मिठामिरचीपुरतं उरलं होतं.

सात वाजता ओढ्याच्या वाटेने समुद्राचं धुकं वर आलं. बाकीचे तंबूंच्या दोऱ्या ताणत होते. लॉर्ना हात धुवायला जाते म्हणून उठली आणि नळापाशी न थांबता पुढे नेच्यांच्या दाट झुडपांत शिरली.

आत ओल्या सालीचा आणि कुजक्या पाल्याचा वास दाटला होता. उंचावर धुकं फांद्यांत अडकून पाणी होत होतं आणि टप्, टप् करत खाली येत होतं. त्याखेरीज आवाज नव्हता. लॉर्ना थांबली. तोंड उघडलं, पण शब्द निघेना. अडुसष्ट वर्षांच्या बाईने जंगलात उभं राहून काय ओरडायचं, तर लोणचं!

"बीटाचं लोणचं," ती पुटपुटली. मग जरा मोठ्याने. मग बसच्या दारातून मुलांना हाकारायची तसा शेवटचा स्वर लांबवत, पूर्ण ताकदीने: "टिलीऽ! बीटाचं लोणचंऽ!"

टपटप थांबली.

वारा पडला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. तिने पुन्हा हाक दिली, पुन्हा दिली, वीसदा तरी दिली असेल. ओ आली नाही. पण कोणीतरी ऐकतंय, हे मात्र तिला पाठीच्या कण्यात कळत होतं. आणि ऐकणारं लहान नव्हतं. ते उंचावर होतं, चहूबाजूंनी होतं, आणि नवा धडा पाठ करणाऱ्या मुलासारखं लक्ष देऊन ऐकत होतं. लॉर्ना वळली आणि मागे न बघता तळावर आली.

टेबलावर ताटं मांडली होती. डेनीसने तिच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं.

"कुठे गेली होतीस?"

लॉर्ना बसली. पावाचा तुकडा मोडला, खाली ठेवला, आणि नऊ वर्षांचं सगळं एका दमात सांगून टाकलं. बस, शब्द, बरणी. आसपासच्या माणसांचे चमचे एकेक करून थांबले.

"तुला ठाऊक होतं..." डेनीसचा आवाज इतका हळू होता की निखाऱ्यांची चरचर त्याहून मोठी वाटली. "ती कोणाला ओ देणार नाही, हे तुला ठाऊक होतं. आणि तू मला सांगितलं नाहीस."

"आठवलं तेव्हा उशीर झाला होता गं."

"मी सांगितला असता ना शब्द! मी रात्रंदिवस ओरडले असते, आई! झाडाझाडाला जाऊन सांगितला असता!"

आर्विड मात्र भलत्याच गोष्टीने अस्वस्थ झाला होता.

"तू आत्ता ओरडून आलीस? धुक्यात? मोठ्याने?"

"हो. का?"

"काही नाही. आम्ही जुन्या राईत झाडं पाडायला जायचो ना, तेव्हा धुकं उतरलं की कोणी कोणाला तोंडाने हाक मारायचा नाही. कुऱ्हाडीचा दांडा खोडावर आपटायचा. एक ठोका म्हणजे मी इथे, दोन म्हणजे इकडे ये."

"का पण?"

"जुने लोक सांगायचे. धुक्यात बोललेलं इथे... ठेवून घेतात म्हणे." त्याने उरलेल्या तीन बोटांनी तोंड पुसलं. "जाऊ दे. खुळचट गोष्टी. जेवा."

कोणी जेवलं नाही. उजेड अजून पुरता गेला नव्हता, झाडांचे बुंधे दिसत होते. आणि त्या बुंध्यांमागून, नळाच्या पलीकडून, हाक आली.

"टिलीऽ... बीटाचं लोणचंऽ..."

बाईचा आवाज. थोडा बसलेला. शेवटचा स्वर लांबवणारा, बसच्या दारातून मुलांना हाकारावं तसा.

बाकीच्या दहाही माणसांनी लॉर्नाकडे पाहिलं. तिचं तोंड मिटलेलं होतं.

"आई..." डेनीस कुजबुजली. "तू तर इथे आहेस."

हाक पुन्हा आली. या खेपेला आर्जवी, जवळ जाऊन बोलल्यासारखी. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा आवाज आला. तो सात वर्षांच्या मुलीचा नव्हता. वयात आलेल्या मुलीचा होता, पण वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे गंजलेला, अक्षर अक्षर ओढून काढल्यासारखा.

"आले, आजी... किती उशीर केलास."

डेनीसच्या तोंडून जे निघालं त्याला शब्द म्हणता येणार नाही. ती बाक उलटवून धावली. लॉर्नाही धावली, पडली, उठली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "टिली! जाऊ नकोस! ती मी नव्हे! मी इथे आहे, इकडे! बीटाचं लोणचं! बीटाचं लोणचं!"

"बीटाचं लोणचं," झाडांमागून तिचाच आवाज शांतपणे म्हणाला. "चल, बाळा."

एका क्षणासाठी सगळं थबकलं. कोणीतरी दोन सारख्या हाकांच्या मध्ये उभं राहून विचार करत होतं. लॉर्नाला ते इतकं स्पष्ट जाणवलं की तिने दोन्ही हात पुढे पसरले. मग नेचे सळसळले. पावलं चढाच्या दिशेने, तळापासून लांब जात होती. एक पाऊल माणसाचं होतं, सवय मोडल्यासारखं अडखळणारं. दुसऱ्याचा आवाज फार अंतराअंतराने येत होता.

रात्रभर विजेऱ्या घेऊन शोधाशोध झाली. पार्कची रखवालदार नोएमी चार माणसं घेऊन आली. कोणाला काही मिळालं नाही, आणि मिळेल असं कोणाला वाटतही नव्हतं. लॉर्ना नळाच्या चौथऱ्यावर बसून राहिली. तिच्या खांद्यांवर कोणीतरी कांबळं टाकलं, ते घसरून खाली पडलं तरी तिला कळलं नाही. नऊ वर्षं पोरीने त्या शब्दाची वाट पाहिली, आणि आजीने तो नको त्याला शिकवला.

ते झाड उजाडल्यावर डेनीसला सापडलं. नळापासून जेमतेम चाळीस पावलांवर होतं. रेडवूडच्या मानाने कोवळं, दोघांच्या कवेत मावेल एवढं. नऊ वर्षांपूर्वी दोनशे माणसं त्याच्या डावी-उजवीकडून गेली असणार. तळाकडच्या बाजूला नजरेच्या उंचीवर काही नव्हतं. मागच्या बाजूला, डेनीसच्या कमरेइतक्या उंचीवर, खरखरीत साल गुळगुळीत झिजली होती. दोन लहान तळवे आणि मध्ये एक गाल टेकेल एवढी. त्याच्या वर तशीच थोडी मोठी जागा, तिच्या वर आणखी एक. पोर उभ्या उभ्या वाढत गेली होती. सर्वांत वरच्या जागी डेनीसने गाल टेकला तेव्हा तो बरोबर बसला. सारं जंगल निथळत होतं, तेवढी साल मात्र कोरडी आणि कोमट होती. डेनीस तिला बिलगून उभी राहिली, आणि आईने खांद्यावर ठेवलेला हात तिने झटकून टाकला.

आर्विड झाडाला वळसा घालून तळाकडच्या बाजूला आला आणि पहिल्यांदाच त्याने मान वर केली. मग त्याने नोएमीला खुणेने बोलावलं. त्या बाजूलाही, पण खूप उंचावर, साल झिजलेली होती, तशीच दोन तळव्यांची आणि एका गालाची, झाडाला पलीकडून कोणी मिठी मारावी तशी. त्याने टाचा उंचावून हात लांबवला, पण त्याची बोटं त्या जागेच्या निम्म्यापर्यंतही पोहोचली नाहीत.