साहेब अजून लॉगिन आहेत

हसू नका. कायमची नोकरी कशी लागली असं तुम्हीच विचारलंत, म्हणून सांगतो.

तेव्हा मी कंत्राटावर होतो. नोंदणी कार्यालयातल्या सतरा जुनाट कॉम्प्युटरांवर नवी सिस्टीम टाकायची, शुक्रवारी पाचच्या आत. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर चालते व्हा. सोळा झाले. सतरावा तळघरातल्या दप्तरखान्यात होता. जुन्या नोंदींचा प्रोग्राम फक्त त्याच्यावर चालायचा, त्यामुळे त्याला हात लावायला सगळेच टरकायचे.

खाली ओलसर कागदांचा वास. एक ट्यूबलाइट, तीही फडफडणारी. कोपऱ्यात दप्तरखान्याच्या बाई फाटकी पानं चिकटवत बसलेल्या. मी नोंदींची कॉपी घेतली आणि अपग्रेड सुरू केलं. नव्व्याण्णव टक्क्यांवर गाडी अडली. स्क्रीनवर ओळ आली: 'या कॉम्प्युटरवर दुसरी व्यक्ती काम करत आहे. बंद केल्यास त्यांचे काम वाया जाईल.' खाली नाव, 'मोठे साहेब'.

"बाई, हे मोठे साहेब कुठे बसतात?"

"तुम्ही बसलाय ना, तिथेच," बाई हळूच म्हणाल्या. "चार वर्षं झाली... त्यांना जाऊन."

वरून कुणीतरी त्यांच्या नावाने लॉगिन झालं असेल, असं मला वाटलं. मी नेटवर्कची वायर उपटली. ओळ तशीच. आणि कीबोर्ड... कुणीतरी एका बोटाने टाइप करावं तसा... टक... टक...

पावणेपाच झाले. भुताची भीती होतीच हो, पण घरी जाऊन बायकोला काय सांगू, ही त्याहून मोठी. मी हात जोडले. "साहेब, सेव्ह करा ना. माझ्या पोटाचा प्रश्न आहे."

टकटक थांबली. स्क्रीनवर उमटलं: 'आपण उमेदवार का?'

"हो म्हणा," बाई कुजबुजल्या. "आणि उभं राहून म्हणा. बसून बोललेलं त्यांना खपायचं नाही."

मी ताडकन उठून हो म्हणालो. शंभर टक्के! लगेच प्रिंटरमधून कागद सरकला: 'मुलाखत घेतली. उमेदवार नम्र आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर कायम करावे.' खाली पेनाने केलेली सही, शाई ओली.

वरच्या अधिकाऱ्यांनी ती सही पाहिली, घाम पुसला आणि मुकाट्याने आदेश काढला.

आता बाईंची बदली झालीय, खाली मी एकटाच असतो. तीन वर्षांत चारदा राजीनामा दिला. दर वेळी दुसऱ्या दिवशी तो माझ्याच टेबलावर परत, वर 'नामंजूर'. कालच्यावर आणखी एक ओळ होती: 'निवृत्तीचे वय आपणांस लागू नाही.'