एक ठोका बाकी

"वाच, टाइप कर. पण वाजवू नकोस."

सितलालीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रेवती हसण्यावारी नेऊन मोकळी झाली.

रेवती माझी मामेबहीण. डब्लिनजवळ ओंगारला राहते. हे तिच्या घरात घडलंय. मागच्या सोमवारी, भर दुपारी. खोटं वाटलं तर वाटू दे, मी त्यातला एक शब्दही वाढवलेला नाही.

रेवती घरून एका कॉलेजचं काम करते. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतली जुनी गाणी वाचून टाइप करायची. साडेचारशे वर्षांपूर्वी ती कुणीतरी कागदावर उतरवली. पण रचली कधी? स्पॅनिश लोक यायच्या आधी की नंतर? यावरून अभ्यासकांची जुंपलेली. काहींच्या मते ही गाणी मेलेल्या योद्ध्यांना खाली बोलावण्यासाठी होती. सितलाली त्या प्रोजेक्टची प्रमुख. स्वतः तिकडचीच.

काही गाण्यांवर ढोलाचे ठोकेही अक्षरांत लिहिलेले. तो को, ती की...

"अगं, हे तर आमचे तबल्याचे बोल!" रेवती म्हणाली होती. लहानपणी तबला शिकलेली ती. बोल दिसले की हात शिवशिवणारच.

त्या दुपारी चार वर्षांची सानिका झोपेना. रेवतीने तिला मांडीवर घेतलं आणि किचनच्या प्रेसवर, म्हणजे कपाटाच्या दारावर, बोटांनी ठेका धरला.

तो को... ती की... तो को...

गाण्याचं मूळ पान खाली फाटलेलं. ठोके अर्धवट. रेवती थांबली.

फ्रिजची घरघर थांबली.

आणि प्रेसच्या आतून...

तो को. ती की. तो को.

जोरात. रागाने. आतले डबे हादरले.

रेवतीने दार खेचलं. डाळी, पोहे, चहा. बाकी काही नाही.

तिने नवऱ्याला, अभिजितला, ऑफिसात फोन लावला.

"पाइप वाजला असेल गं! तू काय, भुतालाही तबला शिकवशील!"

"ही'ज व्हेरी क्रॉस विथ यू, मम्मी," सानिका म्हणाली. "यू डिडन्ट फिनिश."

चिडलाय? कोण?

सानिका खाली उतरली. दोन्ही हातांनी लाकडी जमिनीवर वाजवू लागली.

पुढचे ठोके. फाटलेल्या भागातले.

पोरीने कधी तबल्याला हात लावलेला नाही.

रेवतीने सितलालीला फोन करून ते ऐकवलं. सितलालीने लगेच ओळखलं.

"याच गाण्याची दुसरी प्रत सापडलीय. जास्त जुनी. मी अजून कुणालाच दाखवली नाही. त्यात हेच ठोके आहेत." ती ओरडली. "रेवती, हात धर तिचे! शेवटचा ठोका जो देतो, त्याला खाली आलेला योद्धा सोबत घेऊन जातो."

रेवतीने झडप घातली. सानिका कडकडून चावली. रक्त आलं. तरी तिने हात सोडले नाहीत. एकच ठोका राहिला.

प्रेसचं दार हळूच आतून लागलं.

तेव्हापासून ती लेकीचे हात धरूनच झोपते. जेवताना चमचासुद्धा टेबलावर टेकू देत नाही.

कालपासून तिचा फोन लागत नाही. अभिजितचाही नाही. मी इकडे लांब कॉर्कला, माझं बाळ तापाने फणफणलंय. निघू कशी?

ओंगारला कुणी असाल तर प्लीज जाऊन बघा ना. पत्ता मेसेजमध्ये देते. बेल दाबा. नुसती बेल.

दार ठोठावू नका.