कासवाचा पाचवा गिअर

लासुर्ण्याच्या वस्तीवर जेवणं उरकली होती आणि नेहमीप्रमाणे लाइट गेली होती. म्हस्कूआबा अंगणातल्या बाजेवर तंबाखू मळत बसले होते. ऋतिक आणि प्रतिक्षा ही भावंडं त्यांच्याकडे साध्याच कामाला आली होती. त्यांच्या आईचे वडील भीमा मागच्या साली वारले. त्यांच्या शेडात एक जुनी जर्मन बीटल उभी होती आणि तिला पुण्याचं गिऱ्हाईक लागलं होतं. बाकी सगळं पसंत होतं, फक्त पाचवा गिअर पडत नाही तेवढा दुरुस्त करून द्या, असं गिऱ्हाइकाचं म्हणणं. आणि भीमाच्या जोडीनं त्या गाडीवर काम केलेला माणूस आता एकच उरला होता.

"आबा, उद्या गिअरबॉक्स उतरवू या," ऋतिक म्हणाला. त्याला नुकतंच लायसन मिळालं होतं, त्यामुळे जगातल्या सगळ्या गाड्या त्याला कळत होत्या. "आत काय मोडलंय ते बघू."

"आत काय बी मोडल्यालं न्हाय," आबा म्हणाले. "म्हणून तर उघडायचा न्हाय."

आबांनी चिमूट तोंडात टाकली.

"बसा खाली. तुमच्या आईला समदं ठावं हाय, पर ती बोलायची न्हाय. आन् हे ऐकीव न्हाय बरं का. घडल्यालं हाय."

घडलं ते असं.

भीमा तेव्हा कारखान्यात टर्नर होता. कोणे एके काळी तिथं आलेला एक जर्मन इंजिनीअर जाताना आपली गाडी इथंच सोडून गेला होता, आणि ती हातोहात फिरत भीमाच्या दारात आली. तिला ना रेडिएटर, ना पाणी. इंजिन पाठीमागं, आणि तेही वाऱ्यानं थंड होणारं. स्टिअरिंग डावीकडं, म्हणून गिअर उजव्या हाताला. पाठीला बाक, म्हणून सगळं गाव तिला कासव म्हणायचं. भीमाला त्याचा कधी राग आला नाही. त्याची बायको सारजा शेजारी बसली की त्याला कासवही विमान वाटायचं.

सारजाला मात्र वेगाची धास्ती. गाडी जरा पळायला लागली आणि भीमाचा हात वरच्या गिअरकडे गेला की हिचा हात त्याच्या हातावर यायचा. "हळू चालवा की वो." हातभर हिरव्या बांगड्या, सोनेरी ठिपक्यांच्या. कासाराकडे बसली की तिला दुसऱ्या पसंतच पडायच्या नाहीत. त्या किणकिणायच्या, आणि भीमा हसून गाडी हळू करायचा.

सारजाला दमा होता. पंच्याण्णवच्या थंडीत एका रात्री तो असा उसळला की श्वास आत जाईना. प्राणवायूची नळकांडी बारामतीला. भीमानं कासव पिळलं. चौथा गिअर, पाय तळाला. वाटेतलं सणसर गाव मागं पडलं आणि कालव्याकडेच्या वळणांच्या अलीकडे इंजिन तापून अडकलं. ते निवेपर्यंत रस्त्यात थांबणं आलं. तेवढ्यात सारजा गेली. हात भीमाच्या हातावर होता.

सवाष्ण म्हणून तिला हिरवं नेसवून, हातभर बांगड्यांसकट नेली. सगळं तिच्याबरोबर जळालं.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली असती तरी वाचण्याची आशा थोडीच होती. ते भीमाच्या कानात शिरलंच नाही. त्याच्या डोक्यात एकच खिळा ठोकला गेला होता. अजून एक गिअर असता तर. पाचवा असता तर त्याच वेगाला इंजिन कमी फिरलं असतं, तापलं नसतं, आणि बाई पोचली असती.

"मग दुसरी गाडी घ्यायची ना," ऋतिक म्हणाला.

"त्याला गाडी न्हवती पायजे, बाळा," आबा म्हणाले. "त्याला ती रात्र दुरुस्त करायची होती."

भिगवणच्या एका भंगारवाल्याकडे त्याला पाच गिअरचा बॉक्स सापडला. हायवेवर आपटलेली एक बसकी परदेशी गाडी, तीही मागच्या इंजिनाची, तिच्यातला.

"म्हणजे त्या गाडीत कुणी मेलं असणार! त्याचंच भूत!" प्रतिक्षा ऋतिकला चिकटली.

"कुणी मेलं न्हाय. गाडीतले दोघं तिथंच मासळी खाऊन एसटीनं पुण्याला गेले. मधी तोंड घालू नगंस."

तर बॉक्स आला. पण पराया बॉक्स कासवाला बसतो कसा? भीमानं सुट्टीच्या दिवशी लेथवर बसून जोडाची पट्टी कातली, क्लच जुळवला, लिव्हरची लांब दांडी कापून पुन्हा वेल्डिंग केली. म्हस्कू त्याच्या हाताखाली. नोकरीवरून आला की भीमा गाडीखाली शिरायचा, जेवणही तिथंच. त्याची लेक छकुली गाडीच्या चाकाला टेकून पाढे म्हणायची. पोरगी बापाला भेटायची ती अशी, पायांपुरती.

भीमाची आई गोजरबाई कपाळावर हात मारायची. "पाच पायांची गाय दारात आली तर लोक हळद-कुंकू लावत्यात. दूध कुणी काढत न्हाय. तुझ्या गाडीला पाचवा पाय कशाला रं?"

आणि खरंच, नव्या बॉक्सची ठेवण उलटी निघाली. जिथं कासवाचा पहिला असायचा तिथं याचा रिव्हर्स. भीमानं पहिल्याच दिवशी सवयीनं लिव्हर टाकला आणि पुढं जायच्या ऐवजी मागं जाऊन गोजरबाईच्या गोठ्याची दावण तोडली. म्हस्कू पोट धरून हसला. भीमा हसला नाही.

मग एका सकाळी दोघं जंक्शन गावच्या सरळ रस्त्यावर गेले. तिसरा. चौथा. आणि पाचवा. लोण्यात सुरी जावी तसा पडला. मागची किंचाळी थांबली आणि इंजिन एकदम शांत गुणगुणायला लागलं. एकदा नाही, दहादा टाकून बघितला, दहादा पडला. भीमानं गाडी कडेला घेतली आणि तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. "एवढंच पायजे हुतं, म्हस्कू. एवढंच." म्हस्कूनं त्याला रडू दिलं.

सत्त्याण्णव साल. देवदिवाळीच्या आधीची अवस, रविवार. उसाचा हंगाम जोरात, थंडीही तशीच. रात्री साडेबाराला छकुली उठून बसली. छातीतून शिटी वाजायला लागली. आईचीच शिटी.

भीमानं ती ऐकली आणि गाडीची किल्ली उचलली. गोजरबाईनं पोरीच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावला, तिला घोंगड्यात गुंडाळलं आणि तिला घेऊन मागं बसली. पुढची जागा रिकामी.

"जोरात घी रं," म्हातारी म्हणाली. "पोर निळी पडतीया."

"आता पाचवा हाय, आई. आता न्हाय ऱ्हायची."

रस्ता मोकळा होता. दोन्हीकडे उभा ऊस. कासवाचे दिवे पिवळे, मिणमिणते, तीस-चाळीस पावलांपलीकडे दाखवायचे नाहीत. दुसरा, तिसरा, चौथा. मागं इंजिनाची किंचाळी चढत गेली. सणसर मागं पडलं. भीमानं क्लच दाबला आणि लिव्हर पाचव्याकडे नेला.

पडला नाही.

पुन्हा दाबला. नाही. लिव्हर अर्ध्यात गेला आणि अडला. लोखंडाला लोखंड अडतं तसा नाही... मऊ. कुणी हातानं धरावा तसा.

"काय झालं रं?"

"काय न्हाय."

पुन्हा. दात खाऊन. लिव्हर गार लागला. एवढ्या तापल्या गाडीत, गार. आणि भीमाच्या हाताची पाठही गार पडली. वर काहीतरी ठेवल्यासारखी.

किण.

भीमानं बाजूला बघितलं नाही. बघवेना. मागून गोजरबाईचा आवाज आला, अगदी बारीक. "भीमा... छकुली बोट दाखवतीया."

"कुठं?"

म्हातारीनं पोरीला छातीशी ओढलं.

"आई, कुठं?"

"...पुढच्या शिटावर."

पोरीच्या छातीतली शिटी तुटत तुटत येत होती. वळणं जवळ आली. तीच वळणं. सारजा गेली ती जागा. भीमाला वाटलं, न्यायला आली. एकटी राहवेना, म्हणून लेकीला न्यायला आली. इंजिन तापेल, अडकेल, तिथंच, तसंच... त्यानं लिव्हरवर सगळा भार टाकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि समोरचं दिसत नव्हतं.

"सारजा... सोड. लेक हाय तुझी. तुझ्या पाया पडतो... मला ने. हिला नगं. सोड गं."

गार हात हलला नाही.

"सोड!"

किण... किण...

आणि ते त्यानं ऐकलं. मागून नाही, बाहेरून नाही. कानाशी.

"हळू चालवा की वो."

भीमाचा पाय आपोआप वर आला. सवयीनं. सात वर्षं संसारात आला होता तसा. गाडी सावरली, वळणावर आली, आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात समोर उसाची भिंत उभी राहिली.

ट्रॉली. आस मोडलेली, रस्त्यात आडवी, ना दिवा, ना माणूस. चाकामागं दगड आणि वर बाभळीची एक फांदी, झालं. आपल्याकडं असंच करतात. दगड लावला की यांचं काम संपलं.

भीमानं ब्रेकवर उभं राहून गाडी दाबली. टायर किंचाळले. कासव घसरत गेलं... गेलं... आणि थांबलं. बाहेर आलेल्या उसाची टोकं काचेला टेकली होती. काच तडकलीही नव्हती.

इंजिन तेवढं टकटकत होतं.

पाचवा पडला असता, गाडी त्या वेगात असती, तर तो ऊस काचेतून आरपार आला असता. भीमा टर्नर होता, त्याला हिशेब कळत होता. त्यानं रिव्हर्स टाकला, ट्रॉलीला वळसा घातला आणि चौथ्यातच, बेतानं, बारामती गाठली. इंजिन तापलं नाही. नळकांडं लागलं, आणि पहाटे पोरगी चहा-बिस्किट मागायला लागली.

"ती आमची आई," प्रतिक्षा हळूच म्हणाली.

"व्हय. ती तुमची आई."

नंतर भीमा आणि म्हस्कूनं बॉक्स उतरवला. दहादा पडलेला गिअर अडला का, ते बघायला नको? बोल्ट भीमानं स्वतः आवळलेले होते, त्यांवरचा रंगही तसाच होता. कुणी हात लावलेला नव्हता. तेल काढलं, तोंड उघडलं. म्हस्कूनं बॅटरीचा झोत धरला.

पाचव्याच्या शाफ्टवर, तो गिअर सरकून जिथं बसतो बरोबर त्या फटीत, एक बांगडी होती. काचेची. हिरवी, सोनेरी ठिपक्यांची. अख्खी. शाफ्ट पुरा बाहेर ओढल्याशिवाय ती तिथं घालताच आली नसती, आणि भीमानं सगळा भार टाकून दाबूनही तिला चरा गेलेला नव्हता.

म्हस्कूनं ती काढायला चिमटा पुढं केला. भीमानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. बसलीया तिथं, बसू दे."

त्यानं नवं तेल भरलं आणि बॉक्स बंद केला. त्यानंतर छकुली बापाला पायांपुरती भेटायची नाही. तो गाडीखालून बाहेर आला तो आलाच. शेवटपर्यंत त्यानं कासव चौथ्यातच चालवलं.

आबा थांबले. लाइट अजून आलेली नव्हती. उसाच्या फडातून पाण्याचं डिझेल इंजिन ऐकू येत होतं, तेही मधेच बंद पडलं.

"काहीतरीच," ऋतिक म्हणाला, पण उठला. मोबाइलची बॅटरी लावून शेडाकडे गेला. गाडीचं दार वाजलं. क्लच दाबल्याचा चुंई आवाज आला. मग लिव्हर. एकदा. दुसऱ्यांदा, जोरात.

किण.

गाडीचं दार पुन्हा वाजलं. मग ऋतिक परत आला आणि किल्ली आबांच्या बाजेवर ठेवून बहिणीला खेटून बसला.

"काय झालं रं, दादा?" प्रतिक्षानं त्याचा हात धरला आणि चटकन सोडला.

एप्रिलचा महिना होता, अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि त्याच्या उजव्या हाताची पाठ गार होती.